जवाईबापूंचे आभार

कार्तिक शुद्ध अष्टमी, सन १९५६. जऊळक्याला नणंदेच्या घरी, ओसरीवर, रोडग्यांसाठी जाडसर गहू दळत होते. दुसऱ्या दिवशी आवळी नवमी होती आणि ओढ्याकाठच्या आवळीखाली जेवायला बावीस माणसं येणार होती, म्हणजे दोन पायल्या तरी दळायला हव्या होत्या. जात्याच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला आक्का, माझी मोठी नणंद. मला लिहायचं आहे ते तिच्या यजमानांविषयी. उभ्या वऱ्हाडात या माणसाएवढे आभार आजवर कोणी मानले नसतील आणि पुढेही कोणी मानील असं मला वाटत नाही. माणसांचे तर त्यांनी मानलेच, पण बैलांचे मानले, विहिरीचे मानले, वाऱ्याचे मानले आणि एकदा तर चोराचेही मानले. मला कोणाचं कौतुक करायची फारशी सवय नाही. सकाळी उठावं, काम उरकावं आणि बोलायचंच असेल तर कामापुरतं बोलावं, अशी माझी रीत. पण या माणसापुढे मी गप्प उभी राहिले आहे, आणि तेही एकदा नाही.

मेडशी माझं सासर आणि आक्काचं माहेर, म्हणून मेडशीत त्यांना सगळे जवाईबापू म्हणत आणि मीही तेच म्हणते. जऊळक्यात ते नुसतेच बापू. उंच, वाळलेला बांधा, डोक्याला पांढरा फेटा आणि रेल्वेच्या रुळाशेजारी बारा एकरांचं रान. एरवी ते आमच्यासारखेच वऱ्हाडी बोलत. पण आभार मानायची वेळ आली की फेटा दोन्ही हातांनी नीट बसवत, घसा साफ करत, आणि तोंडातून एकदम पुस्तकी मराठी सुरू होई. हे वेड त्यांना लागलं वाशिमात. तिथल्या कुठल्याशा शाळेच्या समारंभाला ते निघाले होते. वाटेत मोटार बंद पडली. ते पोचले तेव्हा भाषणं, गाणी, बक्षिसं, सगळं आटोपलं होतं आणि एक गृहस्थ तेवढे आभार मानायला उभे राहिले होते. जवाईबापूंना वाटलं, कार्यक्रम आत्ताच सुरू होतो आहे. ते पुढे जाऊन सतरंजीवर बसले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले. घरी येऊन आक्काला म्हणाले, "वाशिमच्या लोकायचं कायी सांगू नको. एक मानूस अर्धा घंटा उभा राह्यला अन् निस्तं सगयाचं चांगलंच बोलला. सतरंजी कोनं आथरली, पानी कोनं भरलं, त्याहीचं बी. असा कार्यक्रम म्या जलमात नाई पाह्यला." बाकीचा कार्यक्रम आपला हुकला हे त्यांना कोणी सांगितलं नाही. आक्कानंही नाही. तिचं म्हणणं, माणूस एवढ्या आनंदात घरी आला आहे, उगाच कशाला.

त्या दिवसापासून 'मनःपूर्वक', 'वेळात वेळ काढून' आणि 'अमूल्य सहकार्य' हे तीन शब्द त्यांनी जन्माचे धरून ठेवले. न्हाव्याने दाढी केली की तो वेळात वेळ काढून आला. उन्हाळ्यात विहीर आटली नाही की तिचं अमूल्य सहकार्य. एका भादव्यात रानातल्या काकड्या चोरीला गेल्या. दुसरा कोणी असता तर बांधावर उभा राहून त्याने चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. जवाईबापू वेलांमधून हळूहळू फिरले आणि चावडीवर येऊन सांगू लागले, "ज्या कोणी सज्जनाने आमच्या काकड्या नेल्या, त्यांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. त्यांनी कोवळ्या काकड्यांना हात लावला नाही, वेलावर पाय दिला नाही, आणि जाताना फाटकाला काट्या पुन्हा लावून गेले." चावडीवरचे लोक पोट धरून हसले. पण आश्विनात एका सकाळी त्याच फाटकापाशी पळसाच्या पानावर पाच सीताफळं ठेवलेली सापडली, डोळे उघडलेली, आज खाण्याजोगी. कोणी ठेवली ते कळलं नाही. हसणारे लोक त्या दिवशी जरा कमी हसले.

पण आभारानं घोटाळाही केला. आमच्या बोलीत 'ळ'ला जागा नाही. आभाळाला आम्ही 'आभाय' म्हणतो. कपाशीची पहिली वेचणी चालू होती, वीस बायका रानात पसरलेल्या आणि बांधाशी वेचलेल्या कापसाचा पांढराशुभ्र ढीग. ते पाहून जवाईबापूंचं मन इतकं भरून आलं की ते बांधावर चढले, दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "बायांनो, आभार, आभार." बायकांना ऐकू आलं 'आभाय, आभाय'. वर ढगाचा ठिपकाही नव्हता, पण रानाचा धनी दोन्ही हात आभाळाकडे करून ओरडतो आहे म्हटल्यावर थांबून विचार कोण करतो. वीसच्या वीस जणी ओचे सावरत धावल्या, ढिगावर गोणपाटं टाकली, घोंगड्या टाकल्या, आणि आक्काची शेजारीण बायजाबाई तर झाकायला काही उरलं नाही म्हणून लख्ख उन्हात त्या ढिगावर स्वतःच पालथी पडली. जवाईबापूंना वाटलं, आपल्या दोन शब्दांवर बायका एवढ्या खूश झाल्या. ते खाली उतरले आणि या धावण्याचेही आभार मानू लागले. बायजाबाई पडल्या पडल्याच म्हणाली, "आता तोंड मिटा बापू. दुसऱ्यांदा बोलावलं त खरंच येईन पानी."

त्यांच्या या वेडाला एकाच ठिकाणी कुंपण होतं, आणि ते घातलं होतं माझ्या सासूबाईंनी. एका दिवाळीला जवाईबापू मेडशीला सासरी आले होते. सासूबाईंनी स्वतः चुलीपाशी बसून पुरणपोळ्या वाढल्या. हात धुतल्यावर जवाई उभे राहिले, फेटा नीट केला आणि सासूने वेळात वेळ काढून केलेल्या अमूल्य सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार मानून मोकळे झाले. सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. त्या आत गेल्या आणि डोळ्याला पदर लावून बसल्या. "पोटची पोर देली म्या यायले," त्या मला म्हणाल्या, "अन् हे मले असे आभार सांगून राह्यले जसा वाटसरू धर्मशाळेत जेवला. मी काय परकी हाओ?" जवाईबापूंनी दारात उभं राहून कान धरले आणि शपथ घेतली की घरच्या माणसाचे आभार पुन्हा कधी मानणार नाही. माणूस शब्दाचा पक्का. त्या दिवसापासून आभार फक्त बाहेरच्यांचे. घरच्यांचे नाहीत. मेडशीचे आम्ही दोघं वर्षातून एकदा जाणार, म्हणून त्यांच्या हिशेबी पाहुणे, म्हणजे बाहेरचे.

आता त्यांच्या आवळी भोजनाचं सांगते, कारण त्यांचं खरं रूप तिथेच दिसे. पाऊस सरला, जोंधळ्याची कणसं बाहेर पडली, तुरीला पिवळी फुलं आली की जवाईबापूंना घर आवडेनासं होई. आश्विनात सीताफळांना म्हणून बैलबंड्या जुंपत, कधी नुसतंच ओढ्यात पाय सोडून बसायला म्हणून सगळ्यांना घेऊन जात. कार्तिकातली नवमी म्हणजे तर त्यांचा सणच. शेजारीपाजारी, वेचणीच्या बायका, बंडीवाला किसन, आणि मेडशीहून आम्ही दोघं. आवळीची पूजा, रोडग्यांचं जेवण, आणि पानं उचलायच्या आधी जवाईबापूंचे आभार. मी पहिल्या साली गेले तेव्हा मनात म्हटलं, झालं, आता हा गृहस्थ अर्धा तास खाणार. ते उभे राहिले आणि एकेकाचं सांगू लागले. कोणी ओढ्याच्या उतारावर म्हातारीला हात दिला. कोणी आपली सावलीची जागा सोडली. तिथे बसलेल्या कोणालाच हे सगळं माहीत नव्हतं. ज्याने केलं त्याला एकच गोष्ट ठाऊक, आणि या एका माणसाला सगळ्यांच्या ठाऊक. मग ते म्हणाले, "मेडशीच्या वहिनींचे आभार. आल्याबरोबर त्यांनी ताकाच्या घागरीला ओलं फडकं गुंडाळलं. आपण जे थंडगार ताक प्यालो ते त्यांच्यामुळे." मी फडकं गुंडाळलं तेव्हा आसपास कोणी नव्हतं. माझे कान गरम झाले. माझ्या सगळ्या आयुष्यात मी किती घागरींना ओली फडकी गुंडाळली असतील, त्यातली एक कोणीतरी पाहिली होती. मी ताक ढवळायला वळले, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना.

अशी बारा वर्षं झाली होती. त्या अष्टमीला जात्यावर आक्का नेहमीपेक्षा जोरात खुंटा ओढत होती. पीठ जाडसर हवं होतं आणि पडत होतं बारीक. मी म्हटलं, "आक्का, रोडगे कराचे हायेत, अनारसे नाई." ती थांबली. कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, "बारा वर्सं झाले व. बारा वर्सं मी मरमर मरून बावीस मानसायचं रांधतो. किसनाचं नाव येते, बायजीचं येते, गेल्या साली डाव्या बैलाचं आलं. माह्यं नाई. एकदा बी नाई." वऱ्हाडात आम्ही बायकाही 'रांधतो', 'जातो' असंच म्हणतो. तिला शपथेचं माहीत होतं, आपल्या आईच्या रडण्याचंही माहीत होतं. "माहीत हाय मले सारं," ती म्हणाली. "पन सारे जेवून उठले का मी कान देऊन बसतो. म्हनतो, आता माह्यं नाव येईन. मंग थे आभार आटपते अन् खाली बसते." तिने मूठभर गहू टाकले. "उद्या नाई आलं त परवा मी तुमच्याच बंडीत बसून मेडशीले येतो. संक्रांतीपर्यंत येत नाई वापस. राहू दे त्याले आपल्या बैलासंग."

आक्काला मी पंचवीस वर्षं ओळखते. ती धमकी देत नाही, ठरवते. तिचं गाठोडं खुंटीला टांगलेलं मी पाहिलं होतं. भर वेचणीत घरातली बाई माहेरी निघून गेली तर त्या घराचं काय होतं ते मला कोणी सांगायला नको होतं, आणि त्या माणसाचं काय झालं असतं ते मनात आणायचीही मला इच्छा नव्हती. मला वाटलं, एवढा प्रकार एका नावावरून होतो आहे, तर हे एका वाक्याचं काम. कणीक भिजवायला घेण्याआधी मी गोठ्यापाशी गेले. जवाईबापू बैलांना कडबा टाकत होते.

मी म्हटलं, "जवाईबापू, उद्या आवयीखाली आक्काचं नाव घ्या."

त्यांच्या हातातली पेंढी खाली पडली. "नाव घेऊ? चारचौघात?"

"चारचौघातच. तिले थेच पायजे."

"वैनी, म्या लग्नात घेतलं होतं. तवा बी लोक हासले होते."

"हासू द्या. पन उद्या घेतलं पायजे. नाई घेतलं त परवा आक्का आमच्या बंडीत बसून मेडशीले जातीन."

हे ऐकल्यावर त्यांनी पडलेली पेंढी उचलली आणि मान हलवली. मला कणकेची घाई होती, म्हणून त्यांचं लग्नाबद्दलचं वाक्य माझ्या कानावरून गेलं आणि मी त्याचा विचार केला नाही. दिवेलागणीच्या वेळी मी गोठ्याजवळून गेले तेव्हा आतून पुटपुटणं ऐकू येत होतं. एक ओळ, मग शांतता, मग तीच ओळ पुन्हा, मग "नाई जमत बे" असं बैलाला उद्देशून. आभाराची उजळणी चालली असेल असं समजून मी पुढे गेले.

नवमीला सकाळी दोन बंड्या निघाल्या. कार्तिकातली ती सकाळ मी विसरणार नाही, आणि मी सकाळी फारशा लक्षात ठेवत नाही. धुऊन वाळत घातलेल्या कापडासारखं आभाळ, दोन्ही अंगांना जोंधळा माणसाच्या डोक्याच्या वर, दवाने कणसं वाकलेली, आणि मधूनच तुरीचा पिवळा पट्टा. फुटलेल्या बोंडांनी कपाशी अशी दिसत होती की बायजाबाई म्हणाली, "माय व, चांदन्या खाली पडल्या काय." ओढ्याचं पाणी इतकं नितळ झालं होतं की तळचे खेकडे मोजता येत होते. आवळीच्या फांद्या फळांनी लवल्या होत्या. एरवी अशा वेळी जवाईबापू बंडीतून उतरण्याआधीच रस्त्याचे आभार मानायला लागत. त्या दिवशी ते गप्प. ओठ तेवढे हलत होते. आमच्या ह्यांनी मला हळूच विचारलं, "जवायाची तब्येत बरी हाय ना?" आमचे हे दिवसाला चार वाक्यं बोलतात, त्यातलं एक त्यांनी यावर खर्च केलं, यावरून काय ते समजा.

बायकांनी आवळीला सूत गुंडाळलं, कुंकू लावलं, नैवेद्य दाखवला. गोवऱ्या पेटवून त्यांच्या हारात, म्हणजे निखाऱ्यांत, आम्ही रोडगे भाजले, वांग्यांची रस्सा भाजी झाली, वरण झालं. आक्का पहाटेपासून उभी होती. तिने एकेक रोडगा राखेतून काढून, फडक्याने पुसून, फोडून, त्यात तुपाची धार सोडून पानांत वाढला. माणसं जेवली ती मान वर न करता जेवली. मग हात धुऊन झाले आणि सगळे आपोआप गप्प बसले. जवाईबापू उभे राहिले आणि त्यांनी फेटा नीट केला.

"या आवळीचे मनःपूर्वक आभार," त्यांनी सुरुवात केली. "तिने यंदा आपल्याला सावलीही दिली आणि फळही दिलं. वाऱ्याचे आभार. त्याने दिवसभर धूर ओढ्याकडे नेला, कोणाच्या डोळ्यांत जाऊ दिला नाही. किसनचे आभार. उतारावर त्याने बैलांना काठी दाखवली नाही, स्वतः खाली उतरून जुवाला खांदा दिला. बायजाबाईंचे आभार. त्यांनी आपल्या पानातला तुपाचा अर्धा रोडगा शेजारच्या म्हाताऱ्या मावशींच्या पानात सरकवला आणि मावशींना वाटलं, आपला अजून संपलाच नाही." मावशींनी बायजाबाईकडे पाहिलं. बायजाबाई जमिनीकडे पाहत राहिली. "मेडशीच्या पाहुण्यांचे आभार," म्हणजे आमच्या ह्यांचे, "त्यांनी सकाळपासून चूल कशी मांडावी याविषयी एकही सल्ला दिला नाही. इथे असलेल्या बाकी सर्व पुरुषांनी दिला." असं चाललं होतं. बावीस जणांत कोणी सुटलं नाही. मी बघत होते. हा माणूस दिवसभर ओठ हलवत कुठेतरी हरवला होता असं मला वाटलं होतं, आणि तरी त्याच्या नजरेतून एक रोडगासुद्धा सुटला नव्हता. हे डोळे देवाने कसे घडवले असतील असा विचार माझ्यासारख्या बाईच्या मनात आला, म्हणजे पाहा.

मग ते थांबले. नेहमी इथेच ते खाली बसत. आक्का पानांच्या टोकाला भाजीचं पातेलं घेऊन बसली होती. तिने वर पाहिलं नाही. पण पातेलं पुसणारा तिचा हात जागच्या जागी थांबला होता. मी मनात म्हटलं, बोला, एक वाक्य. जवाईबापूंनी फेटा डोक्यावरून काढला आणि हातात धरला. आभाराला ते फेटा नीट करत, काढत कधीच नसत. पुस्तकी मराठी गेली. नवरदेव पाटावर उभा राहतो तसे ते उभे राहिले, डोळे आवळीच्या शेंड्याला लावले आणि एका दमात म्हणाले,

"आवयीच्या झाडाखाली रोडग्याचा धूर,
गिरजा माह्या जवय, बाकी सगये दूर."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी त्यांना 'नाव घ्या' म्हटलं होतं. नवराबायको एकमेकांचं नाव घेतात ते उखाण्यात घेतात, लग्नात घेतात, आणि त्यानंतर आमच्याकडचे पुरुष ते जन्मात तोंडातून काढत नाहीत. पंचवीस वर्षं हा माणूस बायकोला "आयकलं काय" अशी हाक मारत आला होता. मी आभाराच्या यादीतलं नाव सांगत होते आणि तो गोठ्यात बैलांसमोर बसून यमक जुळवत होता.

सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. मग बायजाबाई म्हणाली, "घ्या. आतापर्यंत आमाले गोड गोड बोलले, अन् शेवटी सगयाले ओढ्यापल्याड नेऊन सोडलं." मग जे हसू उसळलं ते आवळीवरचे राघू उडेपर्यंत. किसन तर बंडीच्या चाकाला धरून हसत होता. जवाईबापू फेटा हातात धरून तसेच उभे, चेहरा लालबुंद, कानांपर्यंत. बायकांनी आक्काला घेरलं. "गिरजाबाई, आता तुमची पायी. घ्या नाव. बापूनं घेतलं, आता सुटका नाई." आक्का उठली. "मले कायी येत नाई," ती म्हणाली. "पातेलं घासाचं हाय." आणि ते पातेलं घेऊन ती ओढ्यावर गेली, आमच्याकडे पाठ करून बसली. तिला परत यायला इतका वेळ लागला की त्या पातेल्याला तसली झिलई ते आणलं त्या दिवशीही नसेल. आमच्या ह्यांनी लग्नात काय नाव घेतलं होतं ते आठवून पाहायला मी तेवढ्यात सुरुवात केली. काही आठवलं नाही. ह्यांनाही आठवत नसावं, कारण तेही आवळीच्या शेंड्याकडेच पाहत होते.

बंड्या जुंपताना जवाईबापू माझ्याजवळ आले. "वैनी, बराबर घेतलं ना? 'धूर' सापडायले लय त्रास झाला. तुमी सांगतलं म्हनून." मी म्हटलं, "बराबर घेतलं." चूक माझी झाली होती की त्यांची, किंवा चूक झालीच होती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आभाराच्या यादीत आक्काचं नाव आलं असतं तर ते किसनानंतर आणि आमच्या ह्यांच्या आधी कुठेतरी आलं असतं, एवढं मात्र खरं.

घरी पोचल्यावर आक्का नेहमीसारखी कामाला लागली. चेहऱ्यावरून काही कळेना. ती ठरवून बसली होती ते मोडलं की नाही, हे मला सकाळच्या आत कळायला हवं होतं, बंडीत जागा करायची होती. मी सरळ विचारलं, "आक्का, सकायी येता काय आमच्यासंग?"

"कोठी?"

"मेडशीले. तुमी काल म्हनल्या होत्या."

"उद्या वेचनी हाय," ती म्हणाली. "फुटलेलं रान सोडून कोनी माहेरी जाते काय? काहीतरीच तुह्यं."

दशमीला सकाळी ह्यांनी बैल जुंपले. मी म्हटलं, सोडा, दुपारी निघू. ह्यांनी कारण विचारलं नाही, बैल सोडले. मी कमरेला फडकं बांधलं आणि रानात जाऊन आक्काच्या शेजारची ओळ धरली. दवाने बोंडं गार होती. बाकीच्या बायका अजून यायच्या होत्या. आम्ही दोघींनी पाच-सहा झाडं वेचून काढली. मग माझ्याकडे न पाहता आक्का म्हणाली, "काल थे शेवटी काय म्हनले व? बायजीच्या हासन्यात मले नीट आयकू नाई आलं."

बायजाबाई हसली ती नंतर. आणि आक्का जवाईबापूंपासून चार हातांवर बसली होती. हे दोन्ही मी तिला सांगू शकले असते. मी एक बोंड वेचलं, फडक्यात टाकलं आणि उखाणा म्हणून दाखवला. आक्काने चार बोंडं वेचली. "पह्यलं काय म्हनली तू? धूर?" मी म्हटलं, धूर. "मंग?" मी पुन्हा सगळा म्हटला. "येडा मानूस," ती म्हणाली आणि पुढच्या झाडाशी वाकली. ती ओळ लांब होती, थेट रुळापर्यंत. आम्ही टोकाला पोचेपर्यंत मी तो उखाणा तिला पाच वेळा म्हणून दाखवला.